अडतीस अंशांची सावली

निंबखडी गाव वाळवंटात गेलं ते ग्रामसभेच्या ठरावानं. ठराव एकमतानं झाला. गावात एकमतानं झालेला तो पहिलाच ठराव, म्हणून तो लॅमिनेट करून चावडीत लावलेला आहे.

त्याचं असं झालं. २०३८ साली सरकारनं वाळवंटी प्रदेशांसाठी सौरविजेची मोठी योजना काढली. जमिनीला भाडं, घरटी एक नोकरी, दोन दिवे नि एका पंख्यापुरती फुकट वीज. अट एकच, प्रदेश वाळवंट पाहिजे. निंबखडीचा तालुका तीन पिढ्या अवर्षणप्रवण होता, पण अवर्षणप्रवण वेगळं आणि वाळवंट वेगळं; दोन्हींच्या फायली निराळ्या मजल्यांवर असतात. मग आंदोलन पेटलं. 'वाळवंट आमच्या हक्काचं' अशा टोप्या निघाल्या, रास्ता रोको झाला, चौघं उपोषणाला बसले. शेजारच्या तालुक्यानं लगेच पत्रक काढलं की खरे वाळवंटी आम्हीच, हे लोक तर परवापरवापर्यंत ऊस लावत होते.

शेवटी पाहणी समिती यायची ठरली. निकष दोन होते. पाऊस कमी पाहिजे आणि हेक्टरी झाडं कमी पाहिजेत. पावसाचा निकष देवानं परस्पर पुरा केला होता. झाडं मात्र एकसष्ट जास्त भरली. ती गावानं दोन दिवसांत पाडली. वातावरण पटावं म्हणून यात्रेत पोरांना फिरवणारा एक उंटही भाड्यानं आणून चावडीपुढं बांधला. समितीच्या साहेबांनी उंटाबरोबर फोटो काढला आणि शेरा मारला, 'प्रदेश वाळवंटी आहे.' गावानं गुलाल उधळला.

आता त्या झाडांबद्दल एक सांगायला पाहिजे. प्रत्येक झाडाखाली कोणी बसायचं हे ठरलेलं होतं. देवळापुढचा पिंपळ कोणाचा, शाळेमागचा लिंब कोणाचा, आणि पूर्वेच्या वस्तीतली ओढ्याकाठची एकुलती बाभूळ कोणाची, हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कोणाला विचारावं लागत नव्हतं. एकसष्टच्या एकसष्ट गेली तेव्हा पहिल्यांदा निंबखडीत सगळ्यांच्या डोक्यावर सारखं ऊन आलं. समतेच्या दिशेनं गावानं टाकलेलं ते पाऊल होतं, फक्त ते कुऱ्हाडीनं टाकलेलं होतं.

घरटी एक नोकरी या हिशेबानं पूर्वेच्या वस्तीतल्या सुगत रणपिसेला सौरविजेच्या कंपनीत नोकरी लागली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता, वय सव्वीस. त्याचं काम पॅनेलं फिरवायचं. म्हणजे हातानं नव्हे. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडं जातो तशी पॅनेलांच्या रांगांनी मान वळवायची असते; ती किती आणि कधी वळवायची, हे सांगणारं सॉफ्टवेअर तो सांभाळायचा.

घरी आई नव्हती. वडील होते, सोपान रणपिसे, सगळ्यांचे आबा. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेले. बावीस वर्षांचे असताना त्यांनी गावच्या हॉटेलात वेगळ्या कपात चहा घ्यायला नकार दिला होता. भांडले नाहीत. रोज सकाळी जायचे, बाकड्यावर बसायचे आणि म्हणायचे, "सगळ्यांच्यातला कप द्या." तीन महिन्यांनी हॉटेलवाल्यानं हॉटेल बंद केलं. गावात अजून म्हणतात, मास्तरांपायी चहा गेला.

याच आबांना एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला एसटीच्या थांब्यावर उष्माघात झाला. अकरा दिवस तालुक्याच्या दवाखान्यात होते. सोडताना डॉक्टरांनी सुगतला बाजूला घेतलं.

"यांच्या अंगातली गार राहायची यंत्रणाच गेलीय. चाळीसच्या वर बसवू नका. दुसरा झटका आला तर मी काही करू शकणार नाही."

"गावात अठ्ठेचाळीस असतं, साहेब."

"मग दुसरं गाव बघा," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरावर पत्रा होता. पत्र्याखाली दुपारी अंडं ठेवलं तर ते पिल्लू होण्याऐवजी ऑम्लेट व्हायचं. दुसरं गाव बघायची ऐपत नव्हती. पण त्याच सुमाराला कंपनीनं नवी पॅनेलं बसवली, आणि सुगतला वाटलं, दुसरं गावच आपल्याकडं चालत आलं.

ही पॅनेलं कशी होती ते थोडक्यात. साधं पॅनेल उन्हात सत्तर अंशांपर्यंत तापतं. तापलं की वीज कमी देतं, आणि त्याच्या खाली बसणं म्हणजे तव्याखाली बसणं. नव्या पॅनेलांवर काचेसारखा पारदर्शक एक पातळ थर होता. प्रत्येक तापलेली वस्तू उष्णता बाहेर फेकते. हवा त्यातली बहुतेक अडवते आणि आपल्यालाच परत देते. पण काही ठराविक लांबीच्या उष्णतालहरींना हवा अडवत नाही. आकाशाला तेवढी एक खिडकी उघडी आहे म्हणा. हा थर पॅनेलमधली उष्णता नेमकी त्या लहरींतून फेकायचा. ती हवेत न अडकता थेट अवकाशात जायची, जिथं शून्याखाली दोनशेसत्तर अंश असतात आणि कोणाची तक्रार नसते. पॅनेल गार राहायचं. गार पॅनेलाला लागून असलेली हवा गार व्हायची, जड व्हायची आणि अलगद खाली उतरायची. कंपनीला जास्त वीज हवी होती. खालची सावली हा तिच्या दृष्टीनं सांडलेला माल होता.

गावानं तो माल उचलला. कुंपणालगतच्या पाच रांगा कंपनीनं 'सामाजिक उपयोगासाठी' खुल्या केल्या. दुसऱ्या टप्प्यासाठी तिला ग्रामसभेची आणखी जमीन पाहिजे होती, आणि सावली स्वस्त होती.

पहिल्या उन्हाळ्यात तो थर नीट जुळवलेला नव्हता. गावात अठ्ठेचाळीस तेव्हा पॅनेलांखाली चव्वेचाळीस. चव्वेचाळीस म्हणजे काही थंड हवेचं ठिकाण नव्हे. माणसं तिथं धापा टाकतच यायची आणि जिथं जागा दिसेल तिथं आडवी व्हायची. कोणाचं डोकं कोणाच्या पायाशी आहे हे बघायला डोळे उघडावे लागतात, आणि तेवढा उत्साह कोणात नव्हता. वस्तीतली माणसं, गावातली माणसं, देवळाचे पुजारी, सगळी एका ढिगात. पुजारीबुवा वस्तीतल्या द्रौपदाकाकूच्या कळशीतलं पाणी प्यायले आणि "अजून आहे का?" म्हणाले. आबा तेव्हा दवाखान्यातून नुकते आले होते आणि तालुक्याला बहिणीकडं होते. त्यांनी हे फक्त फोनवर ऐकलं. ते म्हणाले, "पुन्हा सांग. बुवा काय म्हणाले?"

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत इंजिनिअर आले, त्यांनी थर जुळवला, कोन सुधारले, आणि सावली अडतीसवर आली. आबा बहिणीकडून परतले. अडतीस अंशांना माणसाला बरं वाटतं. बरं वाटलं की माणूस उठून बसतो. उठून बसला की इकडंतिकडं बघतो. निंबखडीनं इकडंतिकडं बघितलं आणि गावाच्या लक्षात आलं की आपण कुणाच्याही शेजारी बसलोय.

आठ दिवसांत पाच रांगा पाच गटांत वाटल्या गेल्या. कोणी वाटल्या विचाराल तर कोणी नाही. पाचवी, सगळ्यांत पूर्वेची, वस्तीची झाली. चौथी किसनतात्यांच्या भावकीची.

किसनतात्या म्हणजे माजी सरपंच आणि आजी सरपंचबाईंचे यजमान. बाईंची सही त्यांना बाईंपेक्षा सुरेख यायची. मार्चमध्ये एके सकाळी ते कंपनीच्या केबिनमध्ये आले. कंपनीच्या जनसंपर्क अधिकारी रिद्धिमा मॅडम पुण्याहून आलेल्या होत्या आणि सुगत शेजारच्या स्क्रीनपुढं होता.

"मॅडम, आमचं कुणाबद्दल काय म्हणणं न्हाय," तात्या म्हणाले. "माणसं समदी सारखीच. देवानं केलेली. फकस्त सकाळच्या पारी जरा अडचण हुती."

"बोला ना, तात्या. फीडबॅक महत्त्वाचा आहे."

"सूर्य पूर्वंकडनं उगवतो."

"हो."

"त्यात तुमची काय चूक न्हाय," तात्यांनी उदारपणे सांगितलं. "पन मग पाचव्या रांगंची सावली आमच्या चौथ्या रांगंत येती. बायका म्हनत्यात, दुसऱ्याच्या सावलीत कसं बसायचं?"

मॅडमना कळलं नाही. त्यांनी सुगतकडं पाहिलं. सुगतला कळलं होतं. तो कीबोर्डावरची धूळ पुसू लागला.

"आणि संध्याकाळी?" त्यानं मान न उचलता विचारलं. "संध्याकाळी तुमच्या रांगेची आमच्यावर पडते, तात्या."

"त्यावर कुणाची हरकत न्हाय की रं," तात्या प्रेमानं म्हणाले. "खुशाल पडू दे."

मॅडमनी वहीत लिहिलं, 'स्थानिक संवेदनशीलता.' तात्या गेल्यावर त्या सुगतला म्हणाल्या, "टेक्निकली शक्य आहे का?"

शक्य होतं, आणि शक्य आहे हे सुगतइतकं कोणाला माहीत नव्हतं. सकाळी पॅनेलं पूर्वेकडं तोंड करून ताठ उभी राहतात, सावल्या लांब पडतात. एका रांगेची सावली दुसरीच्या पॅनेलांवर पडली की वीज बुडते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मुळातच सोय असते: तशी वेळ आली की रांगेनं ताठ राहायचं सोडून जरा आडवं व्हायचं. पॅनेलाच्या जागी माणूस घातला की झालं. दोन ओळी बदलायच्या. पाचव्या रांगेनं सकाळी ताठ उभं राहायचं नाही, पडून राहायचं. प्रत्येक दोन रांगांच्या मधे कायम चार मीटर ऊन ठेवायचं.

"मी नाही करणार," सुगत म्हणाला.

"तुझ्या भावना मी समजू शकते. रिअली." मॅडमचा चेहरा खरंच पडला होता. "पण हे झालं नाही तर ग्रामसभा दुसऱ्या टप्प्याला नाही म्हणणार, आणि मग वरचे लोक पाचही रांगा बंद करतील. त्यांना सावली द्यायचं बंधन नाहीये. तुझे वडील बसतात ना तिथे?"

सुगत घरी गेला. आबा पत्र्याखाली ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसले होते आणि सावलीत जायला तयार होते, पाण्याची बाटली, चष्मा, पेपर. तो परत फिरला आणि दोन ओळी बदलल्या. सात मिनिटं लागली. कंपनीच्या 'सामाजिक स्वीकृती निर्देशांका'त निंबखडी शंभरपैकी अठ्ठ्याण्णववर गेली. दिल्लीहून एक पथक हे सामंजस्य बघायला येऊन गेलं. त्यांना उंट दाखवला.

आबा पाचव्या रांगेत बसायला लागले. मधलं ऊन त्यांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. ते पेपर वाचताना पाठ चौथ्या रांगेकडं करायचे. घरी आले की म्हणायचे, "गारवा छान आहे." हे ते अशा आवाजात म्हणायचे की सुगतला जेवण जायचं नाही.

पहिल्या उन्हाळ्यातला ढीग आठवून एप्रिलमध्ये सुगतनं एक उद्योग केला.

पॅनेलांचा कोन थोडा चुकवला की कडेनं उन्हाची फट आत येते, जमीन तापते आणि सावली सहा अंशांनी चढते. वीज दोन टक्के बुडते. ती त्यानं अहवालात 'धूळ' म्हणून दाखवली. वाळवंटात धुळीवर कोणी शंका घेत नाही. पाचही रांगा त्यानं चव्वेचाळीसवर आणल्या, मधल्या चार मीटरची ओळ काढून टाकली आणि केबिनच्या खिडकीशी उभा राहिला.

पहिल्या दिवशी कुरकुर झाली. दुसऱ्या दिवशी माणसं आडवी झाली. तिसऱ्या दिवशी चौथ्या रांगेतल्या म्हातारीला पाचव्या रांगेत वाऱ्याची झुळूक लागते असं वाटलं आणि ती तिथं जाऊन पसरली. आठवड्यात पुन्हा एक ढीग. सुगतनं बेचाळीस करून बघितलं, माणसं चुळबुळली. चाळीसला उठून बसली. पुन्हा चव्वेचाळीस, पुन्हा ढीग. माणुसकीचा वितळणबिंदू त्याला दोन अंशांच्या फरकानं सापडला होता, आणि हे सांगायला त्याला एकही माणूस नव्हता.

आबांची सोय त्यानं केली होती. केबिनमध्ये एसी होता. "आबा, तुम्ही आत बसा." आबा दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी केबिनच्या काचेतून त्यांना दिसलं की मेंढीकोटचा डाव अडलाय आणि चौथा भिडू नाही. मेंढीकोटला चौघं लागतात, त्यातले दोघं दोघं जोडीदार. किसनतात्यांचा जोडीदार घेरी येऊन घरी गेला होता.

"मास्तर, येता का?" तात्यांनी हाक मारली. "हातातली पानं वितळाय लागल्यात."

आबा चष्मा सावरत गेले. तात्यांच्या समोर बसले. त्या दिवसापासून रोज. सुगत दर अर्ध्या तासानं ओला टॉवेल घेऊन जायचा.

"आत चला, आबा. दहा मिनिटं."

"थांब रे. हुकूम आहे माझ्याकडं."

"मास्तरचं डोकं म्हंजी डोकं," तात्या शेजारच्यांना सांगायचे. "चाळीस वर्सं यांच्याबरं बोललो न्हाय मी. चहा बंद पडला म्हनून. तो हाटेलवाला कसला भिकार चहा करायचा, मास्तर! बरं झालं गेला."

आबा हसायचे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. सुगतनं त्यांना असं हसताना आई होती तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर नाही. टॉवेल कोरडा झालाय, घाम येणं थांबलंय, हे त्याला दिसायला पाहिजे होतं. त्याला हसू दिसत होतं. तो केबिनमध्ये परत जायचा आणि चव्वेचाळीसचा आकडा चव्वेचाळीसच ठेवायचा.

मेच्या नऊ तारखेला आबांनी बदामाची राणी टाकली आणि राणीच्या मागोमाग स्वतः पुढं पडले.

सुगत केबिनमधून धावत येईपर्यंत किसनतात्यांनी आबांना खांद्यावर घेतलं होतं. पासष्ट वर्षांचा माणूस अठ्ठेचाळीस अंशांच्या उन्हातून जीपपर्यंत पळत गेला, अनवाणी, चपला डावातच राहिल्या. जीपमध्ये आबांचं डोकं त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. स्वतःची बाटली आबांच्या ओठांना लावली, उरलेलं पाणी आबांच्या छातीवर ओतलं, धोतराचा सोगा फाडून ओला केला आणि वारा घातला. चाळीस किलोमीटर सारखे एकच बोलत होते, "मास्तर, डाव अर्धा हाय. मास्तर, डाव अर्धा हाय."

आबा वाचले. डॉक्टर म्हणाले, "कसे वाचले ते मला विचारू नका. वाटेत कोणी पाणी मारलं? त्यानं वाचले."

चौथ्या दिवशी आबांनी डोळे नीट उघडले. सुगत कॉटशेजारी बसला होता.

"किती होतं?" आबांनी विचारलं.

"काय किती?"

"सावलीत. मी एकतीस वर्षं थर्मामीटर शिकवलाय. मला गंडवू नकोस."

सुगतनं खाली बघितलं. "चव्वेचाळीस."

"आणि अडतीस करता येत होतं."

"हो."

वरचा पंखा कुरकुरत होता. आबांनी त्याच्याकडं बघतच विचारलं.

"मला का विचारलं नाहीस?"

"तात्या तुमच्या समोर मांडी घालून बसत होते, आबा. तुम्ही हसत होता."

"पूर आला की साप आणि उंदीर एकाच फांदीवर बसतात. त्याला काय सत्संग म्हणायचं?"

"आणि तुम्हाला खांद्यावर घेऊन पळाले ते? स्वतःची बाटली तोंडाला लावली ते?"

यावर आबांनी मान भिंतीकडं वळवली. सुगतला वाटलं, झोपले. मग भिंतीकडं बघतच ते बोलले.

"ते खरं होतं. पण चव्वेचाळीसला खरं होतं. प्रयोग एकाच तापमानाला करून निष्कर्ष काढायचा नसतो. अडतीसला काय होतं ते मला बघायचंय. आणि बघायला मी जिवंत पाहिजे."

सुगतनं तिथूनच फोनवरून कोन सरळ केले. सावली अडतीसवर आली. धूळ कमी झाल्याबद्दल वरून त्याचं अभिनंदन आलं. गावातून द्रौपदाकाकूचा फोन आला, की दोन दिवसांत ज्याचा तो आपापल्या रांगेत गेला बाबा, आणि तात्यांची माणसं विचारत होती, ते मधलं ऊन कुठं गेलं, मॅडमना म्हणावं पुन्हा ठेवा. मॅडमनी सांगितलं. सुगतनं ओळ परत घातली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आबा घरी आले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला सुगतचा हात धरून पाचव्या रांगेत जाऊन बसले. या वेळी त्यांनी पाठ केली नाही. चौथ्या रांगेकडं तोंड करून बसले. खिशातून पत्त्यांचा जोड काढला आणि पुढ्यात ठेवला.

किसनतात्या समोरच होते. मधे चार मीटर ऊन. आबांना बघून ते उभेच राहिले.

"आरं मास्तर! बरं हाय का?"

"बरं आहे. तुमच्यामुळं."

"आवं कशाचं! डाव अर्धा हुता, असं कसं जाऊ दीन?" चौथी रांग हसली. पाचवीही हसली. "वाळलात लई. या की हिकडं, च्या सांगतो."

"मला उन्हातून जायची बंदी आहे," आबा म्हणाले. "तुम्हीच या. पानं आणलीत."

तात्या सावलीच्या कडेपर्यंत आले. अगदी कडेपर्यंत. त्यांच्या मागं त्यांची भावकी बसली होती, सगळी त्यांच्या पायांकडं बघत होती. तात्यांनी एक पाऊल उन्हात टाकलं आणि मागं घेतलं.

"काय तापलंय वो मधी!" ते म्हणाले. "चार हात जागा हाय, पन नुसता तवा."

ज्या माणसानं महिन्यापूर्वी याच उन्हातून अनवाणी, खांद्यावर माणूस घेऊन, पळत जीप गाठली होती, तो हे म्हणत होता. आणि खोटं बोलतोय असं त्याच्या चेहऱ्यावर कुठं दिसत नव्हतं. त्याला खरंच चटका बसला होता.

सुगत खांबाला टेकून उभा होता. त्यानं फोन काढला. अंगठ्यानं दोनदा दाबलं. पाचवी रांग, जी सकाळी पडून राहायची, ती कुरकुरत उठली. पॅनेलांनी सूर्याकडं तोंड केलं, ती ताठ झाली, आणि त्यांची सावली पश्चिमेकडं सरकत निघाली. आधी एक मीटर, मग दोन. चौथ्या रांगेतल्या बायकांनी पदर सावरले. सावली तात्यांच्या पायाशी येऊन थांबली. आबांपासून तात्यांपर्यंत सलग, गार, अडतीस अंशांची जमीन.

"आता ऊन नाही, तात्या," सुगत म्हणाला. "या."

तात्यांनी खाली पाहिलं. मग पूर्वेकडं, पॅनेलांकडं पाहिलं. मग पुन्हा खाली. आबांनी पानं पिसायला घेतली होती. त्यांचे हात थांबले.

"न्हाय, येतो की," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता, आणि त्यात कुठंही वाईट भाव नव्हता. एखाद्यानं रस्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं. "पन ही सावली कुठल्या रांगंची म्हनायची?"

सुगतला खोटं बोलता आलं असतं. सूर्य मात्र पूर्वेलाच होता.

आबांनी पत्ते बंद करून पुन्हा खिशात घातले. सुगतकडं पाहिलं आणि हातानं खूण केली, खाली घे.

सुगतनं अंगठा दाबला. पाचवी रांग पुन्हा आडवी झाली, सावली मागं सरकली, आणि मधे चार मीटर ऊन परत आलं. ते आल्यावर दोन्हीकडच्या माणसांना जरा बरं वाटलं.